सीटखालचा नारळ

पुढचं डावं चाक गाडीखाली आडवं झालं, गाडीनं रस्त्यावर नाक टेकलं, आणि समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. माझा मुलगा ओरडला, "आये, धर!"

काय धरायचं ते त्यानं सांगितलं नाही. माझ्या मांडीवर नारळ होता आणि पायाशी पिशवीत कोंबडी होती. मी कोंबडी धरली. नारळ काय, बाजारात मिळतो.

मागच्या सीटवर माझी नात होती, सातव्या महिन्यातली पोटुशी. तिच्या शेजारी तिची आई, म्हणजे माझी सून. नात ओरडली नाही. सून दोघींच्या वाटणीचं ओरडली. पत्रा डांबरावर घासत निघाला आणि कानात विळा फिरवल्यासारखा आवाज यायला लागला. तेवढ्यातही माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता हा आवाज तरी कुणी नारळाचा म्हणणार नाही.

त्यासाठी नारळाचं आधी सांगायला हवं.

माझा मुलगा फौजेतून सुभेदार होऊन घरी आला. कराडच्या अलीकडं आमचं गाव, थोडी उसाची जमीन, दोन म्हशी. घरी आल्यावर त्यानं दोन गोष्टी केल्या. मिशी वाढवली आणि गाडी घेतली. मिशीला खर्च नव्हता.

गाडी पांढरी, नवी कोरी. शोरूमवाल्यांनी तिच्यावर लाल कापड टाकून ठेवलं होतं, नवरीला झाकून ठेवावं तसं. कापड ओढायला मला पुढं केलं आणि फोटो काढला. फोटोत मी भांडायला निघाल्यासारखी दिसते. मी सगळ्याच फोटोंत तशी दिसते.

तिथून गाडी सरळ औंधला, यमाईच्या डोंगरावर. आमची कुलदेवी. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, एक नारळ फोडला. दुसरा नारळ पुजाऱ्यानं लाल फडक्यात बांधून मुलाच्या हातात दिला आणि म्हणाला, "वरीसभर ह्यो गाडीतच ऱ्हायला पायजे. भाईर काढायचा न्हाई. वरीस झालं की हितं आणून फोडायचा आन् दुसरा न्यायचा."

मुलानं सॅल्यूट तेवढा ठोकला नाही. नारळ पुढच्या डाव्या सीटखाली गेला. ऑर्डर म्हणजे ऑर्डर.

आमच्याकडं आणखी एक रीत आहे. नवी म्हैस, नवी सून आणि नवी गाडी यांना पहिलं वर्षभर नावं ठेवायची नाहीत. ठेवली तर ती वस्तू लाभत नाही म्हणतात. सुनेच्या बाबतीत ही रीत मी फारशी पाळली नाही, पण गाडीच्या बाबतीत सगळं घर पाळत होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, "कशी हाय गाडी?" की मुलगा म्हणायचा, "लय झ्याक." गाडी पंक्चर होऊन उभी असली तरी लय झ्याक.

पहिला महिना सरायच्या आत गाडी बोलायला लागली. स्पीडब्रेकरवरून उतरताना, नाहीतर वळणावर ब्रेक दाबला, की डाव्या अंगाला खालून आवाज यायचा. टक्. एकदाच. कुणीतरी जीभ टाळ्याला लावून वाजवावी तसा.

"काय वाजतंय रं?" मी विचारलं.

"नारळ."

"नारळ गडगडतोय. ह्ये टकतंय."

"आये, नारळ बी टकतो कवातरी."

"फौजेत शिकवलं व्हय ह्ये?"

सून मागून माझ्या पाठीला हळूच बोट लावायची. घरी आल्यावर म्हणायची, "आत्ती, ऐकू मला बी येतंय. पर त्यास्नी गाडी आवडतीया. कशाला बोलायचं?"

पहिल्या सर्व्हिसिंगला मी मुद्दाम बरोबर गेले. कराडला हायवेच्या कडेला शोरूमवाल्यांचं भलं मोठं सर्व्हिस सेंटर आहे. आत गारवा, मऊ खुर्च्या, यंत्रातून पडणारी कॉफी. मध्ये मोठी काच आणि काचेपलीकडं गाड्या उंच उचलून ठेवलेल्या, आपण दवाखान्यात बाहेर बसावं आणि आतलं ऑपरेशन दिसावं तसं. गाड्या उतरवून घ्यायला एक टाय लावलेला तरुण माणूस होता. बोलायला गोड, हातात कागदाची पाटी.

"काही कंप्लेंट, सर?" त्यानं विचारलं.

"नो कंप्लेंट," सुभेदार म्हणाले. "लय झ्याक."

"वाजतीया," मी म्हणाले.

मुलानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी यमाईलाच शिवी दिली. टायवाला मात्र लगेच वाकला. दार उघडून डाव्या सीटखाली डोकावला आणि लाल फडकं दिसल्याबरोबर हसत वर आला.

"आजी, सापडलं बघा! हा नारळ वाजतोय."

गाडी सुरूसुद्धा न करता दुखणं सापडलं. असा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

"हा काढला की आवाज बंद, सर."

"काढता येत न्हाई. देवीचा हाय. वरीसभर गाडीतच ऱ्हाणार."

टायवालाही याच मातीतला. त्यानं नारळाकडं बघून हात छातीला लावला आणि म्हणाला, "मग थोडा आवाज राहणार, सर."

"ऱ्हाऊ दे."

दोघांचंही समाधान झालं. माझं कुणी विचारलं नाही.

गाडी परत आली ती न्हाऊन, पुसून, आत अत्तर मारून. तेल बदललेलं, काचा लखलखीत. मला बेंदराचा बैल आठवला. बेंदराला बैल धुतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात. पण बैल जन्माचा लंगडा असला तर तो मिरवणुकीत लंगडायचा राहत नाही. घरी येताना गावच्या वेशीतला स्पीडब्रेकर आला. टक्.

"ऐकलंस?"

"नारळ," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या सर्व्हिसिंगला टायवाल्यानं मला लांबूनच ओळखलं. "या, नारळवाल्या आजी!" असं म्हणाला. पोरगं वाईट नव्हतं. त्यानं मला कॉफी आणून दिली, ती मी प्यायले नाही, कारण ती कॉफी नव्हती. त्या वेळी त्यांनी चाकं सरळ केली, ब्रेक साफ केले, हवा बघितली आणि गाडीला परत आंघोळ घातली.

"आन् आवाजाचं?" मी विचारलं.

"नारळ अजून आहे ना, आजी?"

"हाय."

"मग झालं की."

इथपर्यंत मीही फार ताणून धरलं नव्हतं. गाडीत बसायचे आम्ही तिघं, आणि माझं वय झालेलं. पण तेवढ्यात माधवनगरहून, नातीच्या सासरहून, फोन आला. नातीला सातवा लागला, डोहाळजेवण झालं, आता पोरीला न्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तर कुणीच मोडत नाही. सुभेदार उठून उभे राहिले. लेकीला आपल्या गाडीतून आणायचं म्हणून तर त्यांनी गाडी घेतली होती.

मी म्हणाले, "पोटुशी पोर त्या गाडीत बसायच्या आधी मला कळलं पायजे, टकतंय काय."

"आये, कितीदा सांगू, ना..."

"नारळ. व्हय. उद्या बाजाराला जाताना बघू."

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या सीटवर बसले. गाडी वेशीजवळ आली तशी मी खाली वाकले, लाल फडक्याची गाठ धरली आणि नारळ ओढून मांडीवर घेतला.

मुलानं गाडी तिथंच उभी केली. "आये! देवीचा नारळ काढलास?"

"काढला न्हाई. मांडीवर घेतलाय."

"भाईर काढायचा न्हाई म्हणून सांगितलंय!"

"गाडीच्या भाईर काढायचा न्हाई. मी गाडीत हाय, नारळ माझ्यापाशी हाय. तुझ्या पुजाऱ्यानं सीटखालीच ठेवा म्हणून सांगितलंवतं काय?"

ऑर्डर मोडली नव्हती. त्यानं गाडी पुढं घेतली. मी दोन्ही हातांनी नारळ तान्ह्या पोरासारखा धरला. स्पीडब्रेकर आला.

टक्.

पुढं शाळेपाशी दुसरा स्पीडब्रेकर. टक्.

"हात लावून बघ," मी म्हणाले. "गप बसलाय बिचारा."

सुभेदारांची मिशी एकदम खाली आली. बाजार राहिला. गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला.

टायवाला दारात आला आणि माझ्या मांडीवरचा नारळ बघून आधी हसला, मग हसायचा थांबला. मी सांगितलं, "नारळ हितं व्हता आन् गाडी तरी वाजली. आता कशाचं नाव घेशील?"

तो म्हणाला, "टेस्ट ड्राइव्ह घेऊ." तो चालवायला, मी शेजारी, नारळ मांडीवर. गाडी हायवेच्या कडेच्या रस्त्यानं थोडी पुढं नेली आणि वळवून आणली. तो रस्ता तव्यासारखा गुळगुळीत. गाडी गप्प.

"आजी, येत नाही आवाज."

"हितं कसा येईल? आमच्या वेशीत चल."

"टेस्ट ड्राइव्ह इथंच घ्यायची असते, आजी."

मग गाडी वर उचलली. खाली मिस्त्री उभा राहिला, चाकं लोंबत होती, ती त्यानं हलवून बघितली, बॅटरी मारून बघितलं. सगळं घट्ट. कुठं टकलं नाही की हललं नाही. टायवाल्यानं सांगितलं, "सगळं ओके आहे. नवीन गाडी आहे ना, रबर बसायला वेळ लागतो."

"आन् घडवतानाच काय चुकलं आसंल तर?"

"आजी, कंपनीतून सगळं चेक होऊनच येतं."

मुलाचा चेहरा उजळला. गाडीला पुन्हा आंघोळ झाली. घरी जाताना तो म्हणाला, "आये, कंपनीनं ओके दिलंय. साहेबानं बंदूक तपासून ओके म्हटलं की ती ओके."

"मग ती उडू दे न्हाईतर न उडू दे," मी म्हणाले.

वेशीतल्या स्पीडब्रेकरवर गाडी टकली, तेव्हा दोघंही समोर बघत राहिलो.

मी सुचवलं की पोरीला भाड्यानं सीट भरणाऱ्या वडापच्या जीपनं आणू. मुलाला ते लागलं. दारात गाडी असताना लेक वडापनं आणली तर विहीणबाई काय म्हणतील? त्या काय म्हणतील ते मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ऐकून घ्यायचं नव्हतं. शेवटी तह झाला. गाडी जाईल, पण बैलगाडीच्या चालीनं. मी पुढं बसणार, नारळ मांडीवर घेऊन, म्हणजे वाजलं तर उगाच त्याच्यावर ढकलायला नको. सुभेदारांनीही आपली अट घातली. सगळ्यांनी बेल्ट लावायचा, मागच्यांनीसुद्धा, नाहीतर गाडी हलणार नाही.

"मला काय दावणीला बांधतोस?" मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला, आणि त्यानंच वाकून माझा बेल्ट लावला.

माधवनगरला विहीणबाईंनी सगळं व्यवस्थित केलं. तिथल्या गिरण्या कधीच बंद पडल्या, पण विहीणबाईंच्या परसात कोंबड्यांच्या तिन्ही पाळ्या चालू असतात. निघताना त्यांनी एक गावरान कोंबडी पाय बांधून पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली.

"आमच्या सुनेला रस्सा कमी पडाय नगं म्हणून म्हटलं," त्या म्हणाल्या.

"आमच्यात रस्सा पातळ नसतोय," मी म्हणाले. "आणा तरी."

नात मागं बसली. बापानं तिचा बेल्ट स्वतः लावला, खालचा पट्टा पोटाखालून घेतला, दोनदा ओढून बघितला. ते काम तो कुठं शिकला कोण जाणे, पण त्यानं चोख केलं.

तासगावकडून परत निघालो. चाल अशी, की एका दूधवाल्यानं मोटरसायकल आमच्या बरोबरीनं घेऊन काचेतून आत बघितलं, गाडीत कुणी गेलंबिलं की काय म्हणून.

"आये, लोकं हसत्यात."

"हसू दे."

"आज्जे, अशानं माझं बाळंतपण रस्त्यातच व्हईल," नात मागून म्हणाली.

"झालं तर कोंबडी हाय," मी म्हणाले.

एका गावाच्या पुढं स्पीडब्रेकर होता आणि लगेच वळण. स्पीडब्रेकरवर गाडी टकली. मग वळताना पुन्हा टकली. मग टकटक, टकटक. असं तिनं कधी केलं नव्हतं. मुलाच्या तोंडातून सवयीनं निघालं, "नारळ..."

"मांडीवर हाय!" मी ओरडले.

तेव्हा तो ब्रेक दाबायला लागला होता. हे महत्त्वाचं, त्यानं चाल आणखी कमी झाली होती. आणि तेव्हाच ते चाक गेलं.

गाडीनं नाक टेकलं, ती डावीकडं ओढली गेली आणि तिचं मागचं अंग रस्त्यावर आडवं आलं, ज्या बाजूनं ट्रॅक्टर येत होता त्या बाजूला. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मनात आणलं म्हणून थांबत नाहीत. पण त्या ट्रॅक्टरवाल्यानं डोकं ठेवलं. त्यानं ट्रॅक्टर आपल्या कडेच्या मातीत घातला आणि आमच्या मागून हातभर जागा ठेवून नेला. पहिली ट्रॉली गेली. दुसरी गेली. वरून दोन-चार ऊस आमच्या टपावर पडले. मग सगळं थांबलं.

पिशवीतली कोंबडी तेवढी बोलत होती.

माझे पाय ओले लागले. सुनेनं मागून वाकून बघितलं. माझ्या पायाशी पाण्याचं थारोळं. तिनं तोंडाला पदर लावला आणि फार मायेनं म्हणाली, "आसू द्या आत्ती. घाबरल्यावर व्हतं कुणालाबी."

"नारळाचं हाय!"

खरंच नारळाचं होतं. मी कोंबडी धरली तेव्हा तो मांडीवरून सुटला आणि समोरच्या लोखंडावर आपटून फुटला होता. मी फडकं उचलून दाखवलं, तरी सुनेचा पूर्ण विश्वास बसला असं मला आजही वाटत नाही.

मग आम्ही नातीकडं बघितलं.

ती पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. डोळे मिटलेले. बाप दार उघडून तिच्यापाशी गेला होता, पण त्याला तिला हात लावायचं धाडस होईना. ट्रॅक्टरवाला धावत आला, "आवं मावशे, लागलं का कुणाला?" म्हणाला आणि तिथंच थबकला.

"हालतंय का?" सुनेनं विचारलं.

नात वाट बघत होती. आम्ही सगळे तिच्या पोटाकडं बघत उभे होतो, तो परका माणूससुद्धा. मी आयुष्यात कधी एवढी गप्प बसले नाही.

"लाथ मारली," नात म्हणाली. डोळे न उघडता.

"खरं?"

"आता अजून एक मारली. रागावलंय."

सुभेदार रस्त्याच्या कडेला जाऊन, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मिशी पुसत असावेत.

वडापची जीप आली, त्यातून पोरीला कराडला डॉक्टरकडं नेलं. म्हणजे वडापनं यायचं ते शेवटी वडापनंच आलो. डॉक्टरनं तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले, म्हणाला काही झालं नाही. एअरबॅगचे फुगे का उघडले नाहीत असं मुलानं पुढं सर्व्हिस सेंटरवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, गाडी फारच हळू होती, तेवढ्या चालीला उघडत नाहीत. हळू होती म्हणूनच विचारायला आलाय तो, असं मी म्हणाले.

सर्व्हिस सेंटरला गाडी दुसऱ्या गाडीवर घालून नेली होती. टायवाल्याचं पहिलं वाक्य, "सर, खड्ड्यात आदळली असणार."

"खड्डा नव्हता," मुलगा म्हणाला. तेवढंच. आवाज चढवला नाही. तो असा हळू बोलला की घरात आम्ही सगळे कामाला लागतो.

मिस्त्रीनं खाली बसून बघितलं आणि मलाही दाखवलं. चाक वळतं ते एका लोखंडी गोळ्यावर, आणि तो गोळा एका वाटीत बसलेला असतो. खांद्यातून हात निखळावा तसा गोळा वाटीतून निखळला होता. वाटी मुळातच सैल घडली होती. गाडी जमिनीवर असली की भार येऊन ती टकायची. गाडी वर उचलली, चाकं लोंबायला लागली, की गोळा ताणून गप्प बसायचा. म्हणून त्या दिवशी सगळं ओके दिसलं.

मी टायवाल्याला म्हणाले, "तुमी एवढ्यांदा गाडी बघितली. मग काय बघितलं?"

त्यानं खरं सांगितलं, हे मी त्याच्या बाजूनं लिहिते. "आजी, सर्व्हिसिंगमध्ये काय बघायचं ते ठरलेलं असतं. तेल, फिल्टर, ब्रेक, जे झिजतं ते. घडतानाच काही चुकलेलं असेल, तर ते कंपनीनं कळवल्याशिवाय आम्हाला कळत नाही."

"आन् कंपनीला कसं कळतंय?"

"गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात ना, त्यावरून."

"तक्रारी लिवतंय कोण?"

"आम्हीच."

"मग आमची काय लिवलीस?"

त्यानं पाटीवरचे कागद उलटले. मग हळूच म्हणाला, "सरांनी नो कंप्लेंट सांगितलं होतं. आणि तुमच्या आवाजापुढं... नारळ लिहिलं होतं."

म्हणजे कंपनी वाट बघत होती आमच्या तक्रारीची, आम्ही वाट बघत होतो कंपनीनं दुखणं शोधायची, आणि मध्ये नारळ बसला होता. गाडीला नावं ठेवायची नाहीत म्हणून मुलगा बोलला नाही. नारळ सापडला म्हणून टायवाल्यानं पुढं शोधलं नाही. इतके महिने देवीच्या नावानं दोघांची सोय झाली. देवीला यातलं कुणी विचारलं नव्हतं.

मुलगा तोंड पाडून उभा होता. मी त्याला काही बोलले नाही. बोलायचं ते पुढं रोज थोडं थोडं बोलले.

"आता लिव," मी टायवाल्याला म्हणाले.

"काय लिहू, आजी?"

"लिव, गाडी वाजती. फुडल्या डाव्या चाकात वाजती. नारळ मांडीवर आसताना वाजती."

"नारळाचं लिहायला हवं का?"

"तेच लिव. न्हाईतर कंपनी परत नारळच शोधंल."

त्यानं लिहिलं, शब्दाला शब्द. मला वाचून दाखवलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, म्हणून कागद हातात घेऊन मीच पुन्हा वाचला आणि सही केली.

काही महिन्यांनी त्याचाच फोन आला. त्या घाणीतल्या, म्हणजे आमच्या गाडीबरोबरच घडलेल्या, सगळ्या गाड्या कंपनीनं बोलावल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या वाट्या फुकट बदलून देणार होते. आमची एक बदलून झालीच होती, दुसरीही बदलली. माझ्या तक्रारीनं हे झालं असं मी म्हणत नाही. आणखी लोकांच्या गाड्या वाजत असतील. त्यांच्या सीटखाली काय काय होतं देव जाणे.

वर्ष भरल्यावर औंधला गेलो. पुजाऱ्यानं जुना नारळ मागितला.

"फुटला," मुलगा म्हणाला.

"कसा काय फुटला?"

"ड्यूटीवर."

पुजाऱ्यानं नवा नारळ दिला. तो आता डिकीत असतो, जुन्या घोंगड्यात गुंडाळून, कुणाच्या बदली बोलू नये म्हणून. आणि सर्व्हिसिंगला टायवाल्यानं "काही कंप्लेंट, सर?" असं विचारलं की सुभेदार खुर्ची ओढून बसतात आणि वायपरपासून सुरुवात करतात. टायवाला आधीच चहा मागवून ठेवतो.

त्या दिवशी गाडीत आम्ही चौघं होतो, मुलगा, सून, नात आणि मी. चौघंही वाचलो. नातीच्या पोटातली पाचवी दिवस भरल्यावर सुखरूप जन्मली. मुलगी आहे, अजून लाथा मारते. कोंबडीही वाचली, बाळंतिणीच्या पहिल्या रश्श्यापर्यंत.